वीस हातांची सतरंजी

मित्रांनो, लोहा तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेतली मी जुनी सतरंजी. माझी लांबी वीस हात. हे मी जरा ऐटीत सांगते, कारण गेल्या साली ती दहा हातांवर येणार होती.

मला उदगीरच्या सिद्धम्मानं हातमागावर विणलं. लाल, निळे आणि हळदी रंगाचे जाड सुती पट्टे. मी शाळेत जाणार हे कळल्यावर ती सुनेला म्हणाली, "मग घट्ट विणाय पायजे गं. लेकरं काय गप बसत्यात व्हय?"

तिनं घट्ट विणलं म्हणून मी चौदा वर्षं टिकले. माझ्यावर शाई सांडली, खिचडी सांडली, पाढे म्हणता म्हणता कित्येक मुलं डुलक्याही काढून गेली. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, "सतरंजी मजबूत आहे हो!" मग दिवसभर मला फार भारी वाटायचं. पुढे इतर वर्गांना बाकं आली. पाचवीच्या मंजुश्री मॅडमनी मात्र मला ठेवून घेतलं.

त्या वर्गात शिवानी आणि समीक्षा अशा दोन मैत्रिणी होत्या. शिवानीचे वडील शंकरप्पा यांचं चौकात कापडाचं दुकान आहे. समीक्षाचे वडील नागसेन हे बौद्ध वस्तीत राहतात आणि गवंडीकाम करतात. दोघी रोज माझ्या निळ्या पट्ट्यावर एकमेकींना खेटून बसत.

फेब्रुवारीत समीक्षाच्या आत्याचं लग्न होतं. अर्धापूरहून नवरदेव आला, घोड्यावर बसला आणि वरात चौकाकडे निघाली. तिथे काही माणसं आडवी आली. "वस्तीची वरात ह्या रस्त्यानं जायची न्हाई," असं त्यांचं म्हणणं. शंकरप्पांनी दुकानापुढचं बाकडं उचलून रस्त्यात आडवं टाकलं. बाचाबाची झाली, पोलिसांची गाडी आली. शेवटी नवरदेव घोड्यावरून उतरला आणि वऱ्हाड गटाराच्या कडेनं, चिखलातून मांडवात गेलं. नागसेननं तक्रार दिली आणि गावात दोन तट पडले.

सोमवारी मुलं वर्गात आली ती दोन बाजूंना बसली. मधले माझे दोन हात रिकामे राहिले. मित्रांनो, चौदा वर्षांत माझ्यावर इतकी जागा कधीच रिकामी राहिली नव्हती.

मंजुश्री मॅडमनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "आज जागा बदलायच्या. ज्याच्या जागी बसाल, तो तुम्ही. 'मी' म्हणूनच बोलायचं."

शिवानी समीक्षाच्या जागी बसली. म्हणाली, "मी समीक्षा. माझ्या आत्याचं लगन व्हतं. मी नव्या चपला घालून म्होरं नाचत व्हते. मग सगळे म्हणले, मागं फिरा. चपला चिखलात रुतल्या. मला कळंना, आमी काय केलं?"

समीक्षा उठून शिवानीच्या जागी गेली. "मी शिवानी. मी दुकानाच्या माडीवर व्हते. अप्पांनी बाकडं टाकलं तवा मला वरडायचं व्हतं, बाकडं काढा म्हणून. पन मला भ्या वाटलं."

शिवानी रडायलाच लागली. "तुला कसं कळलं गं?"

"तू तोंडावर हात धरून हुबी व्हतीस," समीक्षा म्हणाली. "म्या बघितलं की."

पण दुसऱ्याच दिवशी शंकरप्पांसह चार-पाच पालक वर्गात आले. "आमची लेकरं त्यांच्या लेकरांबरुबर बसायची न्हाईत." मुख्याध्यापक भित्रे. ते म्हणाले, "वातावरण निवळेपर्यंत दोन भाग करू. पण सतरंजी तर एकच आहे."

"मग कापा की," शंकरप्पा म्हणाले. आणि दुकानातून मोठी कातर घेऊनही आले.

मॅडम आडव्या आल्या. "हे चुकीचं आहे, शंकरप्पा. कायद्यानंही आणि माणुसकीनंही." त्यांचं कोण ऐकतो! मुलांना बाजूला करून शंकरप्पांनी बरोबर मध्यावर कातर लावली. चार बोटं कापड कचकन कापलं गेलं. मला सिद्धम्माची आठवण झाली.

आणि शिवानी धावत येऊन कातरीच्या पुढ्यात मांडी घालून बसली. तिच्या शेजारी समीक्षा. मग एकेक करत सगळा वर्ग.

"ऊठ शिवानी," शंकरप्पा ओरडले.

"न्हाई उठत. अप्पा, ते बाकडं तुमी टाकलं व्हतं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळतंय. काल मी समीक्षा झाले व्हते."

शंकरप्पा कातर मिटून निघून गेले. सत्तावीस मुलांचं ओझं तेव्हा माझ्यावर होतं. इतकं हलकं मला कधी वाटलं नाही.

त्याच आठवड्यात शाळेच्या अंगणात ग्रामसभा भरली. मला तिथे अंथरलं. मोठी माणसंसुद्धा मध्ये जागा सोडूनच बसली. शंकरप्पा उभे राहिले. "बाकडं म्या टाकलं. पोलिसांपुढं बी हेच सांगणार हाय. नागसेन, माझं चुकलं."

नागसेन लगेच विरघळला नाही. "अप्पा, तुमी कबूल केलं, मोठं मन केलं. पन माझ्या भैनीची वरात गटाराच्या वाटेनं मांडवात आली. नुसत्या माफीनं भागत न्हाई. रस्ता सगळ्यांचा हाय, हे लिहा. सह्या करा."

काही जण रागानं उठून गेले. पण बाकीच्यांनी ठराव लिहिला, आणि पहिली सही शंकरप्पांनी केली. महिन्याभरानं आत्या नवऱ्यासोबत माहेरी आली, तेव्हा बँड वाजवत चौकातून आली. शिवानी पुढे नाचत होती, असं मुलं सांगत होती. माझी चार बोटांची चीर शंकरप्पांनी शाळेच्या पायरीवर बसून स्वतः शिवली. टाके वाकडेतिकडे आहेत, पण पक्के आहेत.

मित्रांनो, मला झाडा, उन्हात घाला, माझ्यावर चिखलाचे पाय घेऊन येऊ नका. एवढी काळजी घेतलीत तर मी आणखी दहा वर्षं टिकेन. पण माझ्यावर कुणाला तरी जागा नाही असं कुणी म्हणू लागलं, तर त्याला तिथल्या तिथे विचारा, का नाही? सिद्धम्मानं विणताना एकाही पट्ट्यावर कुणाचं नाव घातलं नव्हतं.

यंदा जूनमध्ये हिमायतनगरहून दीपमाला नावाची नवी मुलगी पाचवीत आली. दप्तर छातीशी धरून दारात उभी राहिली. "मी कुठं बसू?"

मॅडम फळ्यावर तारीख लिहीत होत्या. त्यांना मागे वळावंसुद्धा लागलं नाही. ओळीतली सगळी मुलं वीतभर सरकली, आणि मधोमध जागा झाली.