तीन ठिपके

चष्मेवाल्याच्या तोंडात दोन वाक्यं कायमची बसली होती. गिऱ्हाईक नव्या चष्म्याबद्दल कुरकुरलं की तो म्हणायचा, "सवय होईल." आणि स्वतःच्या हातून काही कमीजास्त झालं की मनातल्या मनात म्हणायचा, 'चालून जाईल.' पहिलं वाक्य दहापैकी नऊ वेळा खरं ठरायचं. दुसऱ्याचा हिशोब कुणी ठेवलेला नव्हता, कारण ते ऐकणारा तो एकटाच होता.

तसा माणूस वाईट नव्हता. चर्चच्या मंडळीचा बुधवारचा बायबल अभ्यासवर्ग तोच घ्यायचा, दुकानावरच्या आपल्या बैठकीच्या खोलीत. नियमशास्त्र आणि कृपा यांतला फरक तो इतक्या सफाईने समजावून द्यायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन्हींच्या फ्रेमा खाली याच्याच कपाटात लावलेल्या आहेत.

गोष्ट सुरू झाली तीन महिन्यांपूर्वी, मास्तरच्या चष्म्यावरून. मास्तर म्हणजे मागच्या गल्लीतला शिंपी, चष्मेवाल्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा नंबर तिरपा. असली काच फ्रेममध्ये ठरलेल्या कोनातच बसवावी लागते. म्हणून आधी तिच्यावर शाईचे तीन ठिपके एका ओळीत काढतात. काच बसवल्यावर ते बरोबर आडवे आले की काम झालं, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकायचे. चौकोनी फ्रेममध्ये काच जागची हलत नाही. पण मास्तरला गोल फ्रेमच हवी होती. "तोंड लांबट आहे रे माझं, तेवढंच भरल्यासारखं दिसतं." आणि गोल फ्रेममध्ये स्क्रू आवळता आवळता काच गुपचूप फिरते.

त्या संध्याकाळी उजवी काच फिरली. तीन ठिपके चढणीला लागल्यासारखे तिरके झाले. चष्मेवाल्याने ते पाहिलं. शटर अर्धं खाली आलेलं, वरून बायकोची दुसरी हाक, आमटी निवतेय म्हणून. 'चालून जाईल.' त्याने बोळा फिरवला. ठिपके गेले, काच होती तशी राहिली.

आठवड्याने मास्तर म्हणाला, "चष्म्या, दाराची चौकट झुकल्यासारखी दिसते रे."

"सवय होईल."

महिन्याने पुन्हा म्हणाला. पुन्हा तेच उत्तर. त्यानंतर मास्तरने विचारणं सोडलं, आणि चष्मेवाल्याने ते 'झाली सवय' या खात्यात टाकून दिलं.

या बुधवारी वर्गाचा विषय होता, नव्या करारात पाप म्हणजे काय. चष्मेवाला दुकानात बसून मुद्दे काढत होता, तेवढ्यात मास्तर तासभर आधीच येऊन उभा राहिला.

"चष्म्या, मी कात्री ठेवतोय."

"कुठे ठेवतोयस?"

"खाली. कायमची."

चष्मेवाला हसला. मास्तर हसला नाही. स्टुलावर बसून त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"पाच कोट वाकडे कापले मी. पाच! माप बरोबर, खडूची रेघ बरोबर, आणि अंगावर चढवला की एक पल्ला वर, एक खाली. परवा गिऱ्हाईक आरशात बघून म्हणालं, मास्तर, हा कोट उतारावर उभं राहून घालायचा का? डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. चष्मा बाजूला ठेवून तपासलं. म्हणे, डोळे ठणठणीत, नंबरही तोच. मग आता राहिलं काय, सांग? डोकं." त्याने टोपीची कड चिमटीत धरली. "माझे वडील आठवतात ना? शेवटी शेवटी बटणं साखरेच्या डब्यात ठेवायचे. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी कापड वाकडं जायला लागलं."

चष्मेवाल्याची नजर मास्तरच्या गोल चष्म्यावर गेली.

"आज वर्गात माझ्यासाठी प्रार्थना कर," मास्तर म्हणाला. "तू शब्द चांगले वापरतोस."

"करू की. आण तो चष्मा इकडे, काचा बघ किती मळल्यात."

पडद्याआडच्या टेबलावर त्याने चष्मा यंत्राखाली धरला. काच बारा अंशांनी फिरलेली होती. स्क्रू सैल केला, काच फिरवली, स्क्रू आवळला. दोन मिनिटांचं काम. बाहेर जाऊन सांगायलाही दोनच मिनिटं लागली असती. पण तोंडात आवळून बसलेलं सैल करायचं हत्यार त्या टेबलावर नव्हतं. त्याने चष्मा डबीत घातला आणि बाहेर येऊन म्हणाला, "वर्ग संपेपर्यंत घालू नकोस हं. स्पिरिट वाळू दे."

स्पिरिट वाळायला किती वेळ लागतो, हे मास्तरला ठाऊक नव्हतं.

वर्गाला सात जण जमले. चष्मेवाला छान बोलला. पूर्वी आज्ञा दगडावर कोरलेल्या होत्या, मोडल्या की पाप. नव्या करारात देवाने नियम माणसाच्या काळजावर लिहिला आणि झालेल्या पापांची आठवणही पुसून टाकली.

पहिल्याच खुर्चीवर हेडबाई होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण समोरच्याची उत्तरपत्रिका तपासायची खोड गेली नव्हती.

"दगडावर होतं तेव्हा निदान वाचता तरी येत होतं," त्या म्हणाल्या. "काळजावरचं अक्षर लागायचं कुणाला?"

"ज्याचं त्याला लागतं, बाई."

"आणि नाही लागलं तर?"

"तर नंबर तपासून घ्यावा," चष्मेवाला म्हणाला, आणि सगळे हसले.

हेडबाई मात्र सोडायला तयार नव्हत्या. "देव विसरतो म्हणता. मग आपणही विसरायचं का? तसं असेल तर फार सोयीचं आहे हो."

चष्मेवाल्याने घड्याळ पाहिलं. "आता प्रार्थना करू या," तो म्हणाला.

सगळ्यांनी मास्तरच्या खांद्यावर हात ठेवले. चष्मेवाल्याने प्रार्थना केली, पण शब्द नेहमीसारखे येईनात. दोन वाक्यांत त्याने आमेन गाठलं. मास्तरने डोळे पुसले, डबी उघडली, चष्मा चढवला आणि दाराकडे पाहिलं. मग एक डोळा मिटून पाहिलं. मग दुसरा.

"सरळ आहे," तो पुटपुटला, आणि मग ओरडलाच, "अरे, चौकट सरळ आहे! बघा तरी!"

सगळ्यांनी चौकट पाहिली. त्यांना ती नेहमीच सरळ दिसत होती, तरी सगळ्यांनी देवाची स्तुती केली. हेडबाईंनी रुमाल काढला. मास्तरने चष्मेवाल्याला अशी मिठी मारली की त्याचा श्वास कोंडला. "रविवारी सगळ्या मंडळीपुढे साक्ष देतो! म्हणतो, आमच्या चष्म्याने प्रार्थना केली आणि देवाने माझं डोकं परत दिलं!"

माणसं पांगल्यावर बायको कप गोळा करायला आली. नवऱ्याच्या खिशातून तिने दोन बोटांनी बारीक स्क्रूड्रायव्हर उपसला.

"देवाने हे कधीपासून वापरायला घेतलं?"

चष्मेवाला खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगितलं. ठिपके, बोळा, दोनदा म्हटलेलं सवय होईल, स्पिरिट. सांगून झाल्यावर तो लगेच वकिली करू लागला. "पण आता बिघडलंय कुणाचं? काच सरळ बसली. मास्तर खूश. देवाची स्तुती झाली. अशी काच बसवू नये, अशी आज्ञा तर कुठे नाही. आणि चूक धरलीच तर तिची क्षमा झालेली आहे. मी उगीच म्हणत नाही, मनापासून मानतो ते."

"मीही मानते," बायको म्हणाली. "झालीच आहे ना क्षमा? मग घाबरता कुणाला?"

ती कप घेऊन आत गेली. चष्मेवाला दाराच्या चौकटीकडे बघत बसला.

सकाळी दुकान न उघडताच तो मागच्या गल्लीत निघाला. चालता चालता त्याला स्वतःच्याच वर्गाचं हसू आलं. इतकी वर्षं त्याने क्षमा वापरली होती ती बोळ्यासारखी. खूण पुसायची, की काच कशी बसलीय ते बघायला नको. आणि घरातून कुणी हाकलणार नाही, हे ज्या मुलाला पक्कं माहीत असतं, तेच फुटलेली बरणी स्वतःहून आईपुढे आणून ठेवतं, एवढी साधी गोष्ट त्याने एकाही बुधवारी सांगितली नव्हती. आज्ञा एकही मोडलेली नव्हती. मोडला होता तो मास्तर. तीन महिने, रोज थोडा थोडा.

मास्तर गाणं गुणगुणत कापडावर रेघ ओढत होता. "ये चष्म्या! बघ ही रेघ. दोरी धरून बघ हवी तर!"

"मास्तर, तुझं डोकं गेलंच नव्हतं."

"कालपासून तेच सांगतोय मी सगळ्यांना."

"तसं नाही. काच मी वाकडी बसवली होती. बसवली तेव्हाच दिसलं होतं मला. तू दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा खोटं बोललो. काल प्रार्थनेच्या आधी ती फिरवून ठेवली, आणि चमत्कार झाला असं तुला वाटू दिलं."

मास्तरने खडू खाली ठेवला. चष्मा काढून उजेडाकडे धरला, जणू त्यात अजून काही दिसणार होतं. पुन्हा घातला.

"तीन महिने," तो म्हणाला, "मी रोज सकाळी उठलो की आधी बायकोचं नाव आठवतंय का ते बघत होतो. मग पोरींची. मग उलट्या क्रमाने. तुला माहीत आहे?"

"नाही."

"कशाला माहीत असेल. तुझी आमटी निवत होती."

आमटीचं त्याला कसं कळलं, हे चष्मेवाल्याने विचारलं नाही. दुकान बंद करताना त्याची बायको कशासाठी हाका मारते, हे दोन गल्ल्यांना पाठ होतं.

"रविवारी सगळ्यांपुढे उभा राहून कबूल करतो," चष्मेवाला म्हणाला. "वर्ग सोडतो. तू म्हणशील ती शिक्षा."

"वा! म्हणजे तू मोकळा, आणि कोट माझ्याच बोडक्यावर." मास्तरने फळीवरून पाच कोट उतरवले आणि त्याच्या हातांत टाकले. "तुझी शिक्षा घेऊन मी करू काय? तिचा खिसासुद्धा शिवता येत नाही. देवाने विसरून टाकलं असेल. त्याला जमतं. हे पाच काही विसरत नाहीत. बस. बाह्यांपासून उसवायला लाग. आणि कापडाला ब्लेड लागलं तर बघ मग."

चष्मेवाला बसला. दुपार होईपर्यंत त्याने दोन कोट उसवले. मास्तरने दोनदा त्याच्या हातातून कोट ओढून घेऊन तपासला आणि परत फेकला. तिसऱ्यांदा हळू ठेवला.

"साक्ष मी देणार आहेच," तो वर न बघता म्हणाला. "डोक्याची नाही आता. दुसरीच."

"कसली?"

"ते माझं मी बघतो. तू पहिल्या बाकावर बस म्हणजे झालं. आणि स्पिरिट किती वेळात वाळतं, ते तेव्हा सगळ्यांपुढे सांग."

चष्मेवाला मान खाली घालून उसवत राहिला. तिसऱ्या कोटाच्या खांद्यात आत एक तुटका दोरा राहिला होता. बाहेरून दिसलाही नसता. बोटं दुखत होती. तो सवयीने पुटपुटला, "चालून..."

मास्तरने गोल चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

चष्मेवाल्याने कोट उजेडात धरला, दोऱ्याचं टोक शोधलं आणि अलगद ओढून काढलं.