केसाळ की गुळगुळीत

समुद्रातून काढलेल्या दगडाबरोबर न मागितलेलं बरंच काही येतं. दगड काचेच्या टाकीत ठेवला की आठवड्याभरात एकेक जण तोंड बाहेर काढतो: काटेरी किडे, गोगलगायी, फुलासारखे दिसणारे आणि शेजाऱ्याला डंख मारणारे जीव. ताई या सगळ्यांना ‘फुकटे’ म्हणायची. “आले बघ फुकटे,” म्हणत ती बाह्या वर सारायची आणि माझ्याकडे न बघताच सांगायची, “तू पाणी तपास.”

नऊ वर्षं मी पाणी तपासलं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी एका प्रयोगशाळेत दोन वर्षं होते. ती बंद पडली आणि मी ताईच्या धंद्यात आले. ताई दहावीपुढे शिकली नव्हती, पण लोकांच्या दिवाणखान्यातल्या, दवाखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या ती एकटी सांभाळायची. पाण्यात हात फक्त तिचा जायचा. मी क्षार मोजायचे, आकडे वहीत लिहायचे, बादल्या उचलायचे. एकदा मी बाही वर केली, तर ती गिऱ्हाइकासमोर म्हणाली, “आमच्या शास्त्रज्ञ बाई. पुस्तकातला मासा अगदी बरोबर ओळखतात!” गिऱ्हाईक हसलं. मीही हसले आणि बाही खाली केली.

गेली तीन वर्षं ताईला नीट दिसत नव्हतं. तिला मधुमेह होता आणि गोळ्या ती मनात आलं तर घ्यायची. आधी नळीतल्या पाण्याचा रंग तक्त्याशी जुळवायला ती मला विचारू लागली. मग टाकीच्या काचेवर तिच्या नाकाचा ठसा उमटू लागला. निघताना तो मी पुसायचे. ती जे बघत होती त्याच्या मधोमध डाग होता आणि तो वाढत होता, हे मला तिच्या मानेवरून कळायचं; समोरची वस्तू ती कडेनं बघायची, पक्ष्यासारखी.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, भिंतभर टाकी होती. अकरा वर्षं दर मंगळवारी ताई डोळे दाखवायला आलेल्या माणसांमधून वाट काढत टाकीपाशी जायची. डॉक्टर बोलायला आले की ती त्यांच्या खांद्याकडे बघून उत्तर द्यायची.

“त्यांना एकदा दाखव तरी,” मी सुरुवातीला एकदा म्हणाले होते.

“आणि आंधळी बाई माझ्या टाकीत हात घालते म्हणून त्यांनी उद्यापासून बंद केलं तर? तू घालणार हात? तोंड उघडलंस तर याद राख.”

मी तोंड उघडलं नाही. पुन्हा सांगून पाहिलंही नाही. तिची आज्ञा मी इतक्या मनापासून कधीच पाळली नव्हती.

त्या टाकीच्या मधोमध एक गुलाबी प्रवाळ होतं. ताईनं ते अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून कोबीच्या गड्ड्याएवढं वाढवलं होतं. डॉक्टर पेशंटच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना ते बघत बसायला सांगत, आणि मग स्वतःच म्हणत, “अर्थात, तुम्हाला आता काही दिसायचं नाही म्हणा!” हा त्यांचा रोजचा विनोद होता.

एका मंगळवारी आम्ही गेलो तेव्हा प्रवाळाच्या एका बाजूला नखाएवढे पांढरे चट्टे पडले होते. कोणीतरी त्याचं मांस खात होतं, खाली नुसता सांगाडा उरत होता.

“आठवडाभर बघतोय,” डॉक्टर म्हणाले. जेवणाची सुट्टी होती, खोली रिकामी होती. “ताई, रागावू नका, पण हे गेलं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

“आज काढते त्याला,” ताई त्यांच्या खांद्याला म्हणाली. “फुकट्या आहे कुणीतरी. खेकडा असणार.”

खेकडाच होता. मी पंप बंद केले, पाणी स्थिर झालं, आणि मी बॅटरी लावून फांद्यांमध्ये बघितलं. आत तीन खेकडे होते. दोन वरच्या फांद्यांत: नारिंगी, चकचकीत, घासलेल्या भांड्यासारखे गुळगुळीत. ही जोडी प्रवाळाची राखण करते. त्याच्या अंगावरचा चिकट स्राव खाते, गाळ झाडते, आणि कुणी खायला आलं तर नांग्या उगारून त्याला हाकलते. तिसरा खाली, बुंध्याशी दडून होता. तपकिरी, अंगभर केस, नांग्यांची टोकं काळी. पांढरे चट्टे त्याच्या भोवतीच होते. तो अंगानं या दोघांच्या दुप्पट झाला होता, आणि ते दोघं त्याला वर येऊ देत नव्हते. म्हणूनच वरचा भाग अजून गुलाबी होता.

हा सगळा हिशेब मी अर्ध्या मिनिटात केला.

“दिसला?” ताईनं विचारलं. तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता, दुसऱ्या हातात सोडावॉटर भरलेली सिरिंज. सोडा आत मारला की खेकडा गुदमरून बाहेर येतो.

“दिसला,” मी म्हणाले. “वर. तुझ्या बोटाच्या जरा डावीकडे.”

तिनं सोडा मारला. चकचकीत खेकडा तिरका तिरका बाहेर आला आणि तिनं त्याला दोन बोटांत पकडलं. ती चिमटा वापरत नसे. चिमट्यानं फांदी मोडते, बोटाला कळतं, असं तिचं म्हणणं. तिनं हात वर काढला. खेकडा तिच्या चिमटीत पाय हलवत होता. तिनं त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, आणि थांबली.

“केस आहेत ना गं याला?”

डॉक्टर दाराशी उभे होते. मी बॅटरीचा झोत खेकड्यावर धरला. त्याच्या पाठीवर खोलीतली ट्यूबलाइट दिसत होती, इतका तो गुळगुळीत होता.

“आहेत,” मी म्हणाले. “भरपूर.”

“काळी टोकं?”

“काळी.”

तिनं पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग खेकडा गोड्या पाण्याच्या बादलीत टाकला. “अजून?”

“अजून एक. त्याच्याच शेजारी.”

समुद्रातला खेकडा गोड्या पाण्यात लगेच मरत नाही. पाणी त्याच्या शरीरात शिरत राहतं. हे दोघं बादलीच्या तळाशी एकमेकांना धरून पंधरा-वीस मिनिटं हलत होते. तेवढ्या वेळात ताईनं हात पुसले, डॉक्टरांचं “वा, कमाल आहे तुमची” ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, “शिक काहीतरी. पुस्तकात नसतं हे.”

“हो ताई,” मी म्हणाले.

पुढच्या मंगळवारी प्रवाळ अर्धं पांढरं होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी सगळं. वर आता अडवायला कुणी नव्हतं. केसाळ खेकडा दिवसाढवळ्या फांदीवर बसून खात होता. मला तो दारातूनच दिसला. ताई त्याच्यापासून वीतभर अंतरावर नाक टेकवून उभी होती आणि पुटपुटत होती, “पाण्यात काही बिघडलंय. तू आकडे नीट बघितलेस का? बघितलेस का नीट?”

“आकडे बरोबर आहेत,” मी म्हणाले. ते बरोबरच होते.

डॉक्टर तिच्या मागे येऊन उभे राहिले. समोर बोट दाखवत म्हणाले, “ताई, हा काय आहे?”

ताई बोटाच्या दिशेनं बघू लागली. मग मान तिरकी करून, कडेनं. खोलीत पंधरा माणसं होती, निम्म्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं. काउंटरवरची बाई कुणाचं तरी नाव पुकारता पुकारता थांबली.

“कुठे?” ताई म्हणाली.

डॉक्टरांनी तिला तशीच दंडाला धरून आत नेलं. मला बाहेरून त्यांचे प्रश्न ऐकू येत होते. वरची ओळ वाचा. बरं, त्याच्या वरची. बरं, माझी बोटं किती? अर्ध्या तासानं त्यांनी मला बोलावलं. “पडदा मध्यभागी खराब झालाय, दोन्हीकडे. तीन वर्षांपूर्वी आल्या असत्या तर वाचवला असता. अहो, दर आठवड्याला या दारातून जात होत्या! आता आहे तेवढं टिकवायचं.” ते माझ्याकडे बघत होते. “तुमच्याही लक्षात आलं नाही?”

“कधी बोललीच नाही ती,” मी म्हणाले. ताई शेजारच्याच खुर्चीवर होती. 

त्याच दुपारी मी बाही वर केली आणि केसाळ खेकडा काढला. पाच मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, टाकी आता तुम्हीच बघा. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही मीच कळवलं.

ताई आता घरी असते. मी कामावरून येते तेव्हा ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली असते. महिन्याभरानं एका संध्याकाळी मी तिच्यासमोर डाळ निवडत होते. ती अचानक म्हणाली, “गुळगुळीत होता तो.”

“कोण?”

“खेकडा. माझ्या बोटांना गुळगुळीत लागला. दोन्ही. चाळीस वर्षं हे हात वापरतेय मी. म्हणून मी तुला विचारलं. तू म्हणालीस, केस आहेत.” तिनं अंगठा तर्जनीवर घासला. “मला वाटलं, डोळ्यांपाठोपाठ बोटंही गेली माझी. म्हणून टाकला.”

तिचा चेहरा माझ्याकडे होता, नजर माझ्या कानाच्या बाजूला. मी हो म्हणाले असते तर तिला निदान बोटं परत मिळाली असती. ती काहीही करू शकली नसती. ओरडली असती, चार दिवस बोलली नसती. हे मला दिसत होतं. आणि मग तिनं एखाद्या टाकीत हात घालायला मागितला असता, हेही.

“केसाळच होते ताई,” मी म्हणाले. “दोन्ही. साखरेनं बोटांची संवेदना जाते. पुस्तकात आहे.”

 तिनं ताटातले डाळीचे दाणे चिमटीत धरून पाहिले आणि खाली सोडले.

आता ती कुठल्याच वस्तूवर विश्वास ठेवत नाही. कपाला हात लावण्याआधी विचारते, “गरम आहे का गं हा?” आंघोळीला जाताना विचारते. कपडे वाळलेत की ओले, सुरीची धार कुठल्या बाजूला, हा मिठाचा डबा की साखरेचा. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. मी प्रत्येक वेळी सांगते. बहुतेक वेळा खरं सांगते.