चूलोष्ण

अपत्याची इच्छा धरणे हा गृहस्थाचा अधिकार आहे आणि त्या अपत्याची वाट निर्धोक करणे हे त्याचे कर्तव्य. अधिकाराचे स्मरण कोणाला करून द्यावे लागत नाही. कर्तव्य मात्र पुष्कळदा ओळखूच येत नाही. कारण एखाद्या मोठ्या व्रताचा थाट त्याला नसतो. वर्षानुवर्षांची एखादी लाडकी सवय सोड, एवढेच म्हणत ते दाराशी उभे राहते. ज्या घराची ही गोष्ट आहे त्याने ते ओळखले, म्हणून ती सांगावीशी वाटते.

वस्तीच्या टोकाला ते घर होते. मध्ये फरसबंद अंगण आणि अंगणापलीकडे शेळ्यांचा गोठा. गोठ्याला अर्धे दार होते. त्यावर हनुवटी टेकून शेळ्या घराकडे पाहत आणि घरातली माणसे शेळ्यांकडे. दुधावर घर चालत असे. दूध घ्यायला येणाऱ्यांशी बोलणे सासऱ्यांकडे, चारा आणणे आणि दूध पोचवणे मुलाकडे. गोठा मात्र बायकांचा. तिथली विद्या सासूकडून सुनेकडे आली होती आणि सुनेच्या हाती ती अधिकच फुलली होती. अडलेल्या शेळीच्या पोटात हात घालून करडाची मान कुठे, गुडघा कुठे, हे ती डोळे मिटून सांगे. "तिच्या बोटांना डोळे आहेत," असे सासूबाई म्हणत. आणि सासूबाई काही कोणाचे फुकट कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. पोटच्या मुलाला त्या 'आमचा मातीचा गोळा' म्हणत.

सासऱ्यांना भारदस्त शब्दांचा शौक होता. त्यांतही 'धारोष्ण' हा शब्द त्यांच्या जिवाचा. आचळातून थेट पेल्यात उतरलेले, धारेच्याच उबेने कोमट असलेले दूध. रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाने ते उभ्याउभ्या प्यायचे, हा त्यांचा नेम. कोणी तापवायचे नाव काढले की ते म्हणत, "धारोष्णाला चूल दाखवणं म्हणजे अमृताला फोडणी देणं."

मागच्या हंगामात या घरावर अवकळा आली. एकामागून एक शेळ्या गाभडू लागल्या, दिवस भरण्याआधीच करडे टाकू लागल्या. सून नेहमीसारखी उघड्या हातांनी मेलेली करडे उचलत राहिली, विल्यानंतर पडणारी जार पुरत राहिली. मग तिला संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. घामाने अंथरूण भिजे, सांधे ठणकत. त्याच सुमारास तिलाही दिवस गेले होते. ते टिकले नाहीत.

घराने 'नशीब' हा शब्द उच्चारला आणि त्याला कडी लावली. ताप मात्र हटेना, तेव्हा सासूबाईच तिला बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, पोट पाहिले आणि विचारले, "दिवसभर काम काय करता?"

"काही नाही," सून म्हणाली. "घरीच असते."

हे उत्तर आपल्याकडच्या बायका इतक्या सवयीने देतात की त्यात काही लपते आहे हे त्यांना स्वतःलाही कळत नाही. सासूबाईंना मात्र ते झोंबले.

"घरीच? काही नाही? अहो बाई, अर्ध्या वस्तीच्या शेळ्या हिच्या हातून सुटतात. उलटं करडू असो, आडवं असो, हिनं हात घातला की बाहेर. काही नाही म्हणे!"

डॉक्टरीणबाईंनी लिहिता हात थांबवला. "हातमोजे घालून?"

"हातमोजे घातल्यावर कळणार काय, कप्पाळ?"

"आणि दूध?"

"धारोष्ण," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

अशा रीतीने, सासूने सुनेची जी थोरवी गायली तिच्यातूनच सुनेच्या आजाराचा पत्ता लागला. रक्त तपासले. जनावरांच्या जारेतून आणि कच्च्या दुधातून माणसात येणारा जंतू तिच्या अंगात मुरला होता. डॉक्टरीणबाई जपून बोलणाऱ्या होत्या. "मूल त्यामुळेच गेलं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ताप त्याचाच आहे, आणि पुढच्या खेपेला हा धोका आपण पत्करायचा नाही. औषध लांबलचक आहे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. मी 'हो' म्हणेपर्यंत मुलाचा विचार नाही. तेवढ्यात राहिलेली एक लस घेऊन टाकू, ती गरोदरपणात देता येत नाही. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही दिवस जायच्या आधीपासूनच सुरू करायच्या. आणि यजमानांचंही रक्त तपासायचं."

यजमान बाहेर बाकावर बसले होते. निरोप ऐकून ते गोंधळले. "माझं कशाला? मला कुठं दिवस जायचेत?"

"दिवस एकटीला जात नसतात," डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या. "बाही वर करा."

परतताना, गाडीची वाट पाहत तिघे थांब्यावर बसले असता सासूबाई बराच वेळ आपल्या वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग रस्त्याकडे पाहतच म्हणाल्या, "ह्याच्या आधी माझी दोन गेली. ताप मलाही यायचा. मला कुणी विचारलंच नाही, काम काय करतेस म्हणून."

सुनेने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. गाडी येईपर्यंत तिने तो सोडला नाही.

त्या दिवसापासून घराचा कारभार सासूबाईंनी नव्याने मांडला. अंगणातल्या नळाशी साबण आला. गोठ्याच्या खुंटीवर कोपरापर्यंतचे हातमोजे, मुखपट्टी आणि रबरी झगा टांगला गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी प्रत्येक शेळीचे रक्त तपासले. ज्या बाधित निघाल्या त्या कळपातून गेल्या, आणि त्या दिवशी घरात कोणी नीट जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी सगळे दूध मोठ्या पातेल्यात ओतून चुलीवर चढवले.

सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून दुखवट्याला आल्यासारखे पाहत होते. दूध वर आले, साय धरली, पेला हातात मिळाला. त्यांनी एरंडेल घ्यावे तसे डोळे मिटून एक घोट घेतला.

"कसं आहे?" सासूबाईंनी विचारले.

"धारोष्ण नाही."

"नसू दे. सून आहे, ती राहायला हवी."

सासऱ्यांनी दुसरा घोट घेतला. शब्दावाचून त्यांचे चालत नसे. बऱ्याच विचाराने त्यांनी तोड काढली. "मग ह्याला आपण चूलोष्ण म्हणू. चूल अधिक उष्ण. संधी निर्दोष आहे."

"संधी असू दे, दूध संपवा."

पुढे दूध घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते बजावू लागले, "चूलोष्ण करूनच प्या हो, घरात लेकीसुना असतील तर विशेष." लोक हसत; पण शब्द गमतीचा असल्यामुळे तो घरोघर गेला आणि त्याच्याबरोबर दूध चुलीवरही गेले.

सुनेने औषधाचा एकही दिवस चुकवला नाही. तिच्या नवऱ्याच्या रक्तात काही निघाले नाही. डॉक्टरीणबाईंनी शेवटी 'हो' म्हटले आणि पुढचा हंगाम उजाडला तेव्हा घरात पुन्हा दिवस गेले होते. त्यांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली: आता गोठ्याचे अर्धे दार ओलांडायचे नाही. शेळी निरोगी दिसली तरी वितेवेळी तिच्याजवळ जायचे नाही. जारेतून येणारे जंतू एकाच जातीचे नसतात. जो कोणी गोठ्यातून येईल त्याने अंग धुऊन, कपडे बदलूनच घरात पाऊल टाकायचे.

हे ऐकायला सोपे होते. जिच्या बोटांना डोळे आहेत, तिने हात बांधून अंगणात बसायचे. आणि समोर एकेक शेळी वीत असे. सोप्या सुटत त्या सुटत. मुलगा हातमोजे घालून करडे पुसू लागला होता.

मग एके दुपारी काजळी अडली. डोळ्यांभोवती काळी रेघ असलेली ती शेळी. सुनेने बाटलीने पाजून वाढवली होती. तिची हाक अंगणभर फिरू लागली. मुलगा जनावरांच्या डॉक्टरांना आणायला गेला होता आणि अजून परतला नव्हता. सासूबाईंनी आत जाऊन पाहिले. करडाचे डोके दिसत होते, एक पाय दिसत होता. दुसरा मागे दुमडलेला. त्यांनी मोजे चढवायचा प्रयत्न केला, पण वाकडी बोटे मोज्यात शिरेनात.

सून अंगणातल्या पायरीवरून उठली. दाराच्या दिशेने तिची पावले आपसूक पडली.

सासूबाई अर्ध्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कुठं?"

"आई, ती मरेल."

"मरू दे."

त्या शब्दाने दोघीही चरकल्या. पुन्हा काजळी ओरडली.

"मरू दे असं मी कधी म्हटलं नाही जन्मात," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझाही जीव आहे तिच्यात. पण आत यायचं असेल तर मला ओलांडून यावं लागेल."

सून थबकली. तिचे दोन्ही हात पुढे आले होते. तिने ते पाहिले, मागे घेतले आणि पोटावर ठेवले. मग ती वळली आणि ओसरीकडे पाहून शांतपणे म्हणाली, "बाबा, मोजे घाला."

सासरे पेल्यासकट उभे राहिले. "मी? अगं, मी उंदीर पाहिला तरी पाय वर घेतो."

"उंदीर नाही, शेळी आहे. घाला."

"हिला विचार, मी गोठ्यात कधी..."

"कधी नाही," सासूबाई म्हणाल्या. "आज."

त्यांना झगा घालण्यात आला, तोंडाला मुखपट्टी बांधली, हातांवर मोजे चढवले. सासूबाईंनी काजळीची मान धरली. सून अंगणाच्या घराकडच्या कडेला, वारा पाठीशी घेऊन उभी राहिली आणि डोळे मिटून बोलू लागली.

"कळ चालू असताना काही करायचं नाही. थांबली?"

"थांबली."

"आता डोकं हळूच आत ढकला. जोर नाही, बाबा. दार लोटतो तसं."

"लोटलं."

"मानेच्या बाजूनं खाली या. काय लागतंय?"

"सगळंच लागतंय."

"गोल, टणक काही?"

"आहे. हे... हा गुडघा असावा. असावा काय, आहेच."

"तिथून खाली. खूर सापडला की तळव्यात झाकून घ्या, नाहीतर तिला आतून इजा होईल. झाकलात? आता तसाच पुढे आणा."

सुनेची बोटे हवेत वळत होती. जणू अंगणाच्या रुंदीएवढा तिचा हात लांब झाला होता.

"आला," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "दोन्ही पाय आले."

"आता कळ आली की खालच्या बाजूला ओढा. तिच्याबरोबर. तिच्या आधी नाही."

आणि करडू आले. पुसून काढल्यावर ते शिंकले, आणि काजळी ओरडणे सोडून त्याला चाटू लागली.

सासरे अर्ध्या दारातून बाहेर आले ते विजयी वीरासारखे. झग्याला डाग, हात कोपरापर्यंत माखलेले, डोळे भरलेले. आयुष्यात बोलण्यापलीकडे काही केले याचा आनंद त्यांना मावेना. तो आनंद जिने दिला तिच्या मस्तकावर हात ठेवावा, एवढेच त्यांना सुचले. हात उंचावून ते तिच्याकडे निघाले.

सून दोन पावले मागे सरली. "बाबा, तिथंच."

ते थांबले. उंचावलेला हात हवेत राहिला. मोठ्यांच्या आशीर्वादापासून आपल्या घरात कोणी कधी मागे सरलेले नव्हते. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटले. मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले.

मागून सासूबाई म्हणाल्या, "आधी साबण, मग आशीर्वाद."

सासरे मोठ्याने हसले. मोजे आणि झगा गोठ्याच्या दाराशीच उतरले. नळाखाली त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, नखे घासली. आत जाऊन आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. तोवर मुलगा डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी काजळीला तपासले, करडू उचलून पाहिले आणि विचारले, "हे कुणी सोडवलं?"

"हिनं," सासूबाई म्हणाल्या आणि अंगणाकडे बोट दाखवले. मग क्षणभर थांबून, "आणि त्या मातीच्या गोळ्याच्या बापानं."

"पण त्या तर बाहेर आहेत."

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या.

मुलाने मोजे घालून जार खोल पुरली आणि वर चुना टाकला. स्वयंपाकघरात दूध वर येत होते. सून पायरीवर बसली होती. तिचे हात अजून पोटावरच होते, पण आता ते विसावले होते. सासरे आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि ओले केस नीट करत म्हणाले, "आता चालेल?"

"आता चालेल, बाबा."

त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. त्या हाताला साबणाचा वास येत होता. इतक्या शब्दांचा धनी, पण त्या वेळी त्यांना एकही भारदस्त शब्द सापडला नाही. "सुखरूप सुटका होवो, बाळ," एवढेच ते म्हणाले.

यथाकाल ती झाली. मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेण्याआधी आजोबा कोणी न सांगता नळाकडे गेले.

जिने हात आवरला तिचे कल्याण असो. जिने दार अडवले तिचे, आणि ज्यांनी हात धुतले त्यांचेही. त्या घरची चूल पेटती राहो.