देलिनच्या पाठीवरचा नवस

मी एक सॅक आहे, आणि सरळच सांगते, मी वैतागले आहे. रंग निळा, दोन्ही बाजूंना बाटलीचे कप्पे, पाठीला जाड गादी. बायगोऊ गावच्या कारखान्यात एका दुपारी माझ्यासारख्या शंभरेक जणी शिवून निघाल्या. त्यांतल्या कुणाच्याच नशिबी मियाओ देलिनसारखा मालक आला नसेल, अशी आशा करते.

देलिन शीआनच्या बसडेपोत मेकॅनिक आहे. सात वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. तेव्हा त्याची आई आपल्या माहेरच्या मुलखात गेली, ताइशान डोंगर पायी चढली आणि माथ्यावरच्या देवीला नवस बोलली, की पोरगं वाचू दे, पायी येऊन जोडे वाहीन. त्या देवीला तिकडे सगळे नुसतं 'ताइशानची आजी' म्हणतात.

पोरगं वाचलं. मग गिरणीच्या पाळ्या आल्या, नवऱ्याचं दुखणं आलं, स्वतःचे गुडघे गेले. अशी अडतीस वर्षं गेली. शेवटी फुप्फुसं थकून ती अंथरुणाला खिळली, तेव्हा पडल्या पडल्या तिनं लाल साटिनचे वीतभर जोडे शिवले आणि लेकाच्या हातात ठेवले.

"पायीच चढायचं. तारेवरच्या पाळण्यात बसून वर गेलास तर घरी येऊ नकोस," ती म्हणाली. "एवढा नवस फिटला की मी सुटले."

देलिननं जोडे माझ्या तळाशी ठेवले आणि चेन ओढायला बराच वेळ लावला. मला वाटलं, चेन अडकली असेल.

शीआनला सकाळी गाडीत बसलं की त्याच दिवशी माणूस डोंगराच्या पायथ्याशी पोचतो. हा मात्र मध्येच लुओयांगला उतरला. का, तर जुनं शहर बघायचंय. हल्ली लोकांना एक खूळ लागलंय. संग्रहालय दिसलं की रांगेत उभं राहून वहीत तिथला शिक्का मारून घ्यायचा. रांगेत सगळी कॉलेजची मुलं, आणि त्यांच्यात हा पंचेचाळीस वर्षांचा घोडा वही धरून उभा. तीन दिवस त्यानं शिक्के मारले.

संध्याकाळी आईचा फोन आला. "कुठं पोचलास?"

"लुओयांगला आहे, आई. बघून घेतो जरा."

"मी काय लुओयांगला नवस बोलले होते?"

पुढे कायफंग. तिथं तटावरून फेऱ्या मारल्या आणि जुन्या घाटाचं छपराचं एक कौल विकत घेऊन नेमकं जोड्यांवर ठेवलं. त्यावर गरम पाण्याचा थर्मास ठेवला, तो गळका. पुढे छूफूला कन्फ्यूशसच्या देवळातल्या एकेका झाडापुढे हा पाटी वाचत उभा. माझे पट्टे उसवायला आले आणि फोनवरचा आईचा आवाज रोज बारीक होत गेला. मला तोंड असतं तर भर रस्त्यात त्याला फैलावर घेतलं असतं. अरे, घरी बाई श्वास मोजतेय आणि तू झाडं कसली बघतोस!

नवव्या दिवशी एकदाचा तो डोंगर चढायला लागला. अर्ध्या वाटेवर पाळण्याचं ठाणं आहे. तिकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण शेवटच्या उभ्या पायऱ्यांवर तो मटकन बसला आणि रडायला लागला. शेजारी एक म्हातारी काकड्या विकत होती.

"एवढं ओझं घेऊन कुठं निघालास रे?"

"नवस फेडायला, मावशी."

"मग रडतोस कशाला? लोक फेडायला हसत येतात."

"आई त्याच्यासाठीच थांबलीय. फेडला की ती जाईल."

म्हातारीनं काकडी सोलून त्याच्या हातात दिली. "आणि नाही फेडलास तर जायची राहील होय? खा आणि ऊठ."

नऊ दिवस मी त्याला आळशी समजत होते, त्याची मला लाज वाटली. राग मात्र गेला नाही, कारण तिकडे ती बाई वाट बघतच होती.

देवळात त्यानं जोडे वाहिले, गुडघे टेकले. दोनच वाक्यं म्हणायची होती. 'मी वाचलो, आईचा नवस पोचता करतोय.' आमचा शहाणा काय म्हणाला? "आजी, आईला अजून एक वर्ष दे. मी परत येईन, पायी, जोडे घेऊन." मागच्या माणसानं "आटपा आता" म्हणून त्याला उठवलं.

बाहेर येऊन त्यानं फोन लावला. आईनं विचारलं, "काय म्हणालास तिला?"

यानं माझा पट्टा उगाच सैल करून पुन्हा घट्ट केला.

"आणखी काही मागून आलास ना? तुला फेडायला पाठवलं होतं, गाढवा. जुना कसाबसा फिटत होता, त्यावर नवा चढवून आलास." मग ती हसली आणि तिला खोकल्याची उबळ आली.

ती एक वर्ष आणि दोन महिने जगली. जायच्या आधी तिनं मला पलंगावर मागवून घेतलं, नव्यानं शिवलेले जोडे माझ्यात ठेवले आणि म्हणाली, "मी गेले की लगेच निघ. माझ्यासारखी अडतीस वर्षं लावू नकोस."

ती गेली त्याला आठ महिने झाले. मी दारामागच्या खिळ्याला लटकून आहे. कामावर निघताना देलिन माझ्यावर हात ठेवतो, "पुढच्या महिन्यात" म्हणतो आणि जातो. वर्ष मिळालं म्हणून आभार मानायचे, तर ते संपलं हेही देवीसमोर म्हणावं लागेल. तेवढंच त्याच्या तोंडून निघत नाही.

देलिन, आता तुला फोन करून रागावणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी सांगते. हे जोडे बाहेर काढून एकदा नीट बघ. डाव्या पायाच्या जोड्याचे टाके वाकडे पडलेत. शेवटी शेवटी तिला सुई दिसत नव्हती, तरी तिनं पुरे केले. मला खाली काढ आणि चल.