एकच तर घेतली

शकूवहिनींच्या खिडकीत, डालड्याच्या डब्यात खोचलेली गुलाबाची फांदी दिसली आणि नंदाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ही खडवलीची ना?"

"अगं, एकच तर घेतली," शकूवहिनी हसल्या. "चोरून आणलेली फांदीच रुजते. मागून आणली की मरते, ठाऊक नाही का तुला?"

ठाऊक होतं. डोंबिवलीतल्या कुठल्या बाईला हे शास्त्र ठाऊक नव्हतं! पण महिला मंडळाला परवा खडवलीला पंढरीशेठ पाटलांच्या बागेत नेलं होतं ते नंदाताईंनी, स्वतःच्या शब्दावर. एरवी पाटील कुणाला फाटक उघडत नसत. यांना उघडलं, वर ताक पाजलं. त्यांच्या वारलेल्या बायकोने, गोदाबाईंनी, माहेराहून आणलेला पांढरा गुलाब माळी दगडूने मोठ्या कौतुकाने दाखवला. त्याचंच हे फळ!

नंदाताई तशाच शेजारी गेल्या. तिथेही फांदी. मंडळातल्या रतनकडेही फांदी, आणि तेच पालुपद. अख्खं मंडळ एकेक फांदी घेऊन आलं होतं.

"खाल्ल्या घरचे वासे मोजणारे परवडले गं," त्या कडाडल्या, "तुम्ही तर वासेच काढून आणलेत!"

मंडळातर्फे आभाराचा नारळ द्यायचा होताच. तो घेऊन त्या एकट्या खडवलीला गेल्या.

पाटील ओसरीवर बसले होते. नंदाताईंनी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "ताई, तुमी गेल्या न् दगडूनं डाव साधला. गोदाचा गुलाब पार छाटून इकला. हाकलला त्याला. आज खोली सोडतोय."

नारळ ठेवून, चार गोड शब्द बोलून परतीची गाडी पकडता आली असती. मंडळाची अब्रू झाकलेली राहिली असती. पण नंदाताईंना स्वतःचाच संताप आला, की असला विचार डोक्यात आलाच कसा.

"दगडूने नाही. आमच्या बायकांनी तोडला."

पाटील ताडकन उठले. "मागितली असती तर कलमं बांधून दिली असती! ताक पाजलं तुमाला! शिकलेल्या बाया न् हे धंदे?"

नंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याही भडकल्या. "आम्हाला हवं तेवढं बोला. पण दगडूला विचारलंत का तुम्ही?"

"माळ्याला काय इचारायचं?"

"म्हणजे आमच्यावर संशयसुद्धा आला नाही! चांगली पातळं नेसून आलो होतो म्हणून!"

पाटील पायात वहाणा सरकवून बागेमागच्या खोलीकडे निघाले. मागोमाग नंदाताई.

दगडू आणि त्याची बायको गाठोडं बांधत होती. नंदाताईंनी नारळ पुढे केला. "दगडूभाऊ, बाग तुम्ही दाखवलीत. आभार तुमचे. आणि चूक आमची."

दगडूने हात पुढे केला नाही. "ताई, फांद्या मोडताना म्या बघितलं समद्यांस्नी."

"मंग बोल्ला का नाय रे?" पाटील ओरडले.

दगडूने गाठ आवळली. "बोललो असतो, तर तुमी कुनाचं खरं मानलं असतं, शेठ?"

दगडूच्या बायकोने गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि दोघं मोहने गावाच्या वाटेला लागली.