तिसरा सूर

झुल्मिरामावशीने निरोप पाठवला होता, की तिच्या नवऱ्याचा, दुर्वालिनोकाकांचा, कनारी पक्षी मुका झालाय, येऊन बघून जा. मी पक्ष्यांच्या आवाजांची मोजमापं घेते, औषधं देत नाही. पण आमच्या खोऱ्यात हा फरक कुणी करत नाही.

फाटक उघडतानाच मला तो ऐकू आला. ओसरीच्या वाशाला टांगलेल्या पिंजऱ्यात तो ताठ उभा होता. अंग पिवळं, कपाळावर संत्र्याच्या सालीसारखा डाग. आधी भराभर किणकिण, मग जराशी विश्रांती, आणि शेवटी एकाखाली एक उतरणारे तीन सूर.

काका त्याच्या खालीच खुर्चीत बसले होते.

"आलीस, इवोनी? बघ आता. दोन महिने झाले, आवाज नाही."

पक्षी पुन्हा गायला. काका माझ्याकडे बघत राहिले.

मी स्वयंपाकघरात गेले. मावशी फडक्यातून कॉफी गाळत होती.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"पक्ष्याचं विचारतेस की म्हाताऱ्याचं?" ती म्हणाली. "माझं तर सात वर्षं ऐकू येत नाही त्यांना, पण तो आजार नाही म्हणे. परवा शेजाऱ्याशी भांडून आले. त्याला म्हणाले, तू मक्यावर फवारणी केलीस, म्हणून रातकिडे मेले."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने गाळण्याचं फडकं पिळलं. "तू सांग. तू शिकलेली आहेस. रविवारी सोडून देणार आहेत त्याला. रुसलाय म्हणतात, पिंजरा नकोसा झालाय. आठ दिवस तरी जगेल का गं तो बाहेर?"

अकरा वर्षं पिंजऱ्यात काढलेला पक्षी बाहेर क्वचितच जगतो. आणि त्याच्याबरोबर ते तीन सूरही गेले असते. कनारी गाणं घेऊन जन्माला येत नाही. पहिल्या काही महिन्यांत आसपासच्या मोठ्या नराचं ऐकून शिकतो, म्हणून खोऱ्याखोऱ्यात गाण्याचा शेवट वेगळा असतो. आमच्या खोऱ्यातले नर माझ्या लहानपणीच पकडून संपवले. पकडणाऱ्यांत काका होते, आणि माझे वडीलही. वडील दाढी करताना ते तीन सूर शिळेवर वाजवायचे. आता नदीपलीकडून जोड्या परत येऊ लागल्यात, पण त्यांचं गाणं एका लांब, चढत्या सुराने संपतं. आमचा शेवट उरला होता तो फक्त या पिंजऱ्यात. काकांच्या वडिलांच्या पक्ष्याकडून काकांच्या पहिल्या पक्ष्याकडे, आणि त्याच्याकडून याच्याकडे आलेला.

मी ओसरीवर आले. "काका, तो गातोय."

"म्हाताऱ्याची थट्टा करू नये, पोरी."

"त्याचा गळा बघा."

त्यांनी चष्मा पुसला आणि पिंजऱ्याजवळ तोंड नेलं. पक्षी गायला. चोच उघडली, गळ्यावरची पिसं फुगली, थरथरली, मिटली. काका बराच वेळ बघत होते.

"हलतोय," ते म्हणाले. "मग आवाज कुठे जातो?"

मला उत्तर माहीत होतं. वयाबरोबर कान वरच्या सुरांपासून बंद होत येतात. आधी रातकिडे जातात, मग लहान पक्षी. मी ते सांगितलं, जितक्या कमी शब्दांत सांगता आलं तितक्या. त्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "म्हणजे फवारणीने नाही."

"नाही."

"शेजाऱ्याकडे जावं लागेल मग. गाढव म्हणालो होतो त्याला."

मी पक्ष्याचं ध्वनिमुद्रण केलं आणि चौपट संथ करून लावलं. वेग चौपट उतरला की सूरही तितकेच खाली येतात, माणसाच्या शिळेच्या पट्टीत. यंत्रातून कुठल्यातरी मोठ्या, थकलेल्या पक्ष्यासारखा आवाज आला.

"हा कुठला?" काकांनी विचारलं.

मी थांबायची खूण केली. संथ किणकिण संपली, विश्रांती आली, आणि तीन सूर पायऱ्या उतरावे तसे उतरले. काकांचा हात खुर्चीच्या दांडीवर थांबला.

"पुन्हा लाव."

पाच वेळा लावलं. सहाव्यांदा त्यांनी ओठ आवळून स्वतःच शीळ घातली. वरून कनारीने लगेच उत्तर दिलं. ते उत्तर मी ऐकलं, स्वयंपाकघराच्या दारातून मावशीने ऐकलं. काका आमच्या तोंडांकडे बघत होते. तो गायला, हे कळावं म्हणून मी बोट वर केलं. त्यांनी पुन्हा शीळ घातली. पुन्हा बोट.

मावशी आत निघून गेली.

रविवारी त्यांनी पक्षी सोडला नाही. कुंपणाच्या खांबावर बैलाची जुनी कवटी टांगलेली आहे. त्या वर्षी तिच्या पोकळीत नदीपलीकडच्या एका जोडीने घरटं केलं होतं. काकांनी पिंजरा तिथून चार पावलांवर नेऊन टांगला, ऊन लागू नये म्हणून वर पत्रा बांधला. रानातला नर तीन दिवस पिंजऱ्याच्या काड्यांवर तुटून पडत होता, मग कंटाळला. काका खुर्ची घेऊन तिथेच बसू लागले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले, "तर भिंतीला ऐकवत कशाला बसायचं त्याने?"

पिल्लं बाहेर आली. करडी, रेघारेघांची. त्यातला नर कोण हे मलाही सांगता येत नव्हतं. मी दर आठवड्याला जात होते. खरं तर कामापेक्षा जास्त वेळ थांबत होते.

मार्चमध्ये एक करडं पिल्लू कुंपणाच्या तारेवर बसून पुटपुटायला लागलं. अडखळत, मध्येच विसरत. काकांनी त्याचा गळा हललेला माझ्याआधी पाहिला आणि माझ्याकडे वळले. मी कान देऊन ऐकलं. किणकिण बापाची होती, नदीपलीकडची. मग विश्रांती. मग एक सूर उतरला, आणि त्याच्याखाली दुसरा.

मी दोन बोटं वर केली.

"आणि तिसरा?"

"अजून नाही, काका."

त्यांनी मान हलवली, खुर्ची तारेच्या जरा जवळ ओढली आणि ओठ आवळले. पहिले दोन सूर त्यांनी गाळले. फक्त तिसरा वाजवला, माझे वडील वाजवायचे तसा, थोडा लांबवून.