राजचा आहेर

“आता एकच नाव ऱ्हायलंय. तुमच्या थोरलीचं,” यादीवर पेन टेकवत शरणबसव म्हणाले. “साडी घेऊ का ड्रेस?”

मायाक्कानं चहाची कपबशी उगाचच त्यांच्यापुढं सरकवली. व्याही अक्कलकोटाकडचे, माणूस सरळ. धाकट्या मल्हारच्या लग्नात मानपानात काही कमी पडू नये म्हणून स्वतः यादी घेऊन जुळे सोलापुरात आले होते. नवऱ्यामुलाच्या माणसांना भर मांडवात नाव पुकारून आहेर द्यायचा, ही रीत. बायांना साडी, बाप्यांना कापड, लांबच्या माणसांना टॉवेल-टोपी.

आणि थोरलं लेकरू राज. दाखल्यावर नाव राजनंदिनी, पण कॉलेजपासून नुसतं राज. पुण्यात कंपनीत नोकरी, केस बारीक, अंगात कायम सैल कुडता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आलं होतं. मायाक्का मशीनवर ब्लाऊज शिवत होती, तेव्हा शेजारी बसून म्हणालं, “आई, मी बाई पण नाही आणि बाप्या पण नाही. मला तसं वाटतच नाही कधी. इंग्रजीत एक शब्द आहे बघ, बाई का पुरुष हे न सांगता माणसाबद्दल बोलता येतं. शब्द खरा अनेकांसाठीचा, पण एकट्यालाही चालतो. ऑफिसात सगळे माझ्यासाठी तोच वापरतात.”

मायाक्कानं थोडा विचार केला. “आपल्यात थोरामोठ्यास्नी ‘ते आले’ म्हनत्यात, तसं का?”

“तसंच की.”

“मग मान देत्यात म्हन की तुला!”

एवढ्या एका बोलण्यावर राज आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडलं होतं. पण पुढं भावकीच्या कानावर गेलं आणि आण्णांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, घर डोक्यावर घेतलं. नवरा गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालायचा. “आसलं काय आपल्यात न्हाय,” ते ओरडले. मायाक्का गप्प बसली. राज बॅग भरून गेलं ते परत आलंच नाही. आता लग्नासाठी तिनं हातापाया पडून बोलावलं होतं. “भावाचं लगीन हाय. तुजा मान तुला मिळंल. माजा शबूद.”

आणि आज व्याही विचारत होते. साडी सांगावी, तर लेकराच्या जिव्हारी लागणार. कुडत्याचं कापड सांगावं, तर भर मांडवात आण्णा काय बोलतील याचा नेम नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“तिचं ऱ्हाऊ द्या,” शेवटी ती म्हणाली. “तिला मी घरचा आहेर करीन.”

शरणबसवांनी नवलानं बघितलं आणि नाव खोडलं. मायाक्काला हायसं वाटलं. कुणालाच दुखवायला नको म्हणून माणूस जे करतो, त्यानंच जास्त दुखतं. पण हे तिला त्या दिवशी कोण सांगणार?

लग्नादिवशी राज सकाळीच कार्यालयात आलं. करड्या रंगाचा कुडता कडक इस्त्रीचा. पाहुण्यांना पाणी दिलं, मल्हारचा फेटा सारखा केला. अक्षता पडल्या आणि आण्णांनी माइक हातात घेतला. एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. आत्या उठल्या, वळसंगचे चुलते उठले. राज पहिल्याच रांगेत बसलं होतं. दर नावाला पाय जवळ घ्यायचं, कुडता ओढून सारखा करायचं. मायाक्काच्या लक्षात आलं, की ते उठायच्या तयारीनं बसलंय.

चुलतभाऊ झाले, त्यांच्या बायका झाल्या. मांडववाल्याला टॉवेल-टोपी मिळाली, मग गाडीच्या ड्रायव्हरला.

“कुणी ऱ्हायलंय का?” आण्णा माइकवर गरजले. “आसंल तर आत्ताच सांगा, मागनं रुसवा नको!”

मांडव हसला. राजनं आईकडं बघितलं. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. मायाक्का पदराच्या काठाकडं बघत राहिली.

“न्हाय ना कोन? झालं तर मग!”

ती धावत फाटकाशी पोचली तेव्हा राज बॅग घेऊन रिक्षाला हात करत होतं.

“जेवून तरी जा, बाळा.”

“यादी तुला विचारून केलेली ना, आई?”

“व्हय. पर साडी दिली आसती तर तुला वाईट वाटलं आसतं. दुसरं कायतर द्यावं, तर लोकं...”

“साडी पुकारली असती, तरी उठून घेतली असती की मी,” राज शांतपणे म्हणालं. “ड्रायव्हरचं पण नाव घेतलं, आई.”

मग वाकून आईच्या पाया पडलं आणि रिक्षात बसलं.

त्यानंतर राजचे फोन यायचे. गुडघा कसा आहे, गोळ्या घेतेस का, एवढं विचारून ठेवायचं. भांडलं असतं तर बरं, असं मायाक्काला वाटायचं. दीड महिन्यानं ती एकटीच नव्या पेठेतल्या दुकानात गेली.

“लेडीज का जेंट्स, मावशी?”

“कुडता दाव. माज्या लेकराला.”

“पोरगा का पोरगी?”

“लेकरू हाय म्हनलं की! राज नाव हाय. पुन्यात आसतंय.” तिचा आवाज एवढा चढला, की शेजारची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

“बरं बरं. माप सांगा.”

मायाक्का थबकली. वीस वर्षं ती कॉलनीतल्या बायांची मापं घेत होती. राजचं शेवटचं माप दहावीला घेतलं होतं, शाळेच्या ड्रेससाठी. तिनं फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली.

दुकानदार वाट बघत होता. तिनं दोन्ही हात हवेत धरले, खांद्याएवढे. त्या मधल्या जागेकडं बघत राहिली. मग हात जरा लांब केले, आणि पुन्हा थोडे जवळ आणले.